रिकामे पिंप: निवड, कापणी आणि उपयोग

रचना

बिअरचे धातूचे पिंप, म्हणजे केग, हे स्टेनलेस स्टीलचे, दोन्ही टोकांना बंद आणि अंगाने गोल असे भांडे असते. युरोपातले रूढ माप ५० लिटरचे. अमेरिकेतले मोठे केग ५८ लिटरांच्या थोडे वर जाते. रिकाम्या केगचे वजन दहा ते चौदा किलोंच्या दरम्यान भरते. म्हणजे एका माणसाला ते उचलता येते, मात्र उचलल्यावर कुठे ठेवायचे याचा निर्णय लवकर घ्यावा लागतो. वर आणि खाली जाड कडे असते, वरच्या कड्याला हात घालण्यापुरत्या खाचा असतात. तोंड एकच, मधोमध. त्यात स्प्रिंगची झडप असते आणि झडपेखाली एक लांब नळी जवळजवळ तळाला टेकलेली असते. झडपेतून कार्बन डायऑक्साइड आत सोडला की तो बिअरवर दाब देतो आणि बिअर नळीतून वर चढून तोटीला येते.

ट्रकमधून खाली टाकले जाणे, तळघराच्या पायऱ्यांवरून गडगडणे, कॉस्टिकच्या गरम पाण्याने धुतले जाणे आणि पुन्हा भरले जाणे, हे सगळे वर्षानुवर्षे सोसण्याच्या हिशेबानेच हे भांडे घडवलेले असते. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला ‘टाकाऊपासून टिकाऊ’ शिकवतात. केगला तो धडा लागू पडत नाही. केग मुळातच टिकाऊ आहे. ते टाकाऊ करायला कारागीर लागतो.

असे कारागीर दोन प्रकारचे असतात. पहिल्याला गरज असते आणि तो पिंप शोधतो. दुसऱ्याकडे पिंप असते आणि तो गरज शोधतो. पहिल्याचे काम दुपारपर्यंत आटोपते. दुसऱ्याच्या कामाला ‘प्रकल्प’ म्हणतात.

मालकी

केग विकत मिळत नाही. विकली जाते ती बिअर. केग उसने दिलेले असते आणि त्यापोटी अनामत रक्कम ठेवून घेतलेली असते. मालकाचे नाव बहुधा कड्यावर किंवा अंगावर ठसठशीत उठवलेले असते, आणि ते ग्राइंडरने घासून काढल्याने मालकी बदलत नाही, फक्त हेतू स्पष्ट होतो. ‘एका मित्राकडून मिळाले’ हा परदेशातल्या हौशी मंडळींचा आवडता खुलासा आहे. कायदेशीर मार्ग एकच: कारखान्याने स्वतः मोडीत काढून विकलेले केग.

महाराष्ट्रात केगची गाठ पडणे आणखी दुर्मीळ, कारण इथली बिअर मुख्यतः ६५० मिलिलिटरच्या बाटलीतून नांदते. त्या बाटलीच्या पुनरुपयोगाला कोणत्याही मार्गदर्शकाची गरज पडलेली नाही. ती भंगारवाल्याकडून पुन्हा कारखान्यात जाते, किंवा फिनेल भरून मोरीत उभी राहते, किंवा लेबल खरवडून खिडकीत मनीप्लँट वाढवते. पुण्यात २००९ साली ‘डूलाली’ने जागच्या जागी ताजी बिअर बनवून विकायला सुरुवात केली आणि नंतर ते लोण इतर शहरांत गेले. तरी केग हा प्रकार अजून हॉटेलच्या मागच्या बाजूलाच वावरतो, घरापर्यंत येत नाही.

नाशिकची ख्याती तर बिअरची नाहीच, वाइनची आहे. १९९९ साली ‘सुला’ आली आणि गंगापूर धरणाच्या अंगाला द्राक्षाच्या बागांतून लोक सहलीला जाऊ लागले. वाइनरीतले पिंप ओकच्या लाकडाचे, साधारण २२५ लिटरचे असते. त्याला निवृत्तीनंतर फार मान असतो. त्याचे टेबल होते, बाक होतो, त्याच्याशेजारी उभे राहून लोक फोटो काढतात. लोखंडी पिंपाशेजारी उभे राहून फोटो फक्त पंचनाम्यासाठी काढतात.

तेव्हा नाशिकच्या द्वारका भागात ‘रिकामे पिंप’ म्हटल्यावर डोळ्यांपुढे येते ते केग नव्हे, तर त्याचे थोरले, गरीब आणि गंजके भावंड: २०० लिटरचे पत्र्याचे पिंप, म्हणजेच ड्रम, बॅरल किंवा टिपाड. केगविषयी जे काही करता येते ते या पिंपाबाबत इथे फार आधीपासून आणि केगविना करून झालेले आहे.

कुळकथा

२०० लिटरच्या पिंपाचे कूळ एका पत्रकार बाईंपर्यंत जाते. नेली ब्लाय या अमेरिकन वार्ताहर. १८८७ साली वेडाचे सोंग घेऊन त्या वेड्यांच्या इस्पितळात दाखल झाल्या आणि आतली परिस्थिती त्यांनी चव्हाट्यावर आणली. १८८९-९० मध्ये त्यांनी ७२ दिवसांत जगप्रदक्षिणा केली. पुढे त्यांनी एका उद्योगपतीशी लग्न केले, आणि पतीच्या पश्चात न्यूयॉर्कमधला त्यांचा लोखंडी भांड्यांचा कारखाना चालवायला घेतला. त्या कारखान्यातल्या हेन्री वेरहान या कारागिराच्या नावे १९०५ सालच्या डिसेंबरात धातूच्या पिंपाची पेटंटे मिळाली. अंगावर दोन उभारलेली वळी, त्यावर पिंप आडवे घालून एकट्याने ढकलत नेता येते, ही आजची ओळखीची घडण तिथून येते. लाकडी पिंपातून तेल गळत असे, पत्र्याच्या पिंपातून गळायचे थांबले, आणि जग तेलावर चालू लागले.

कारखाना पुढे बुडाला. पिंप मात्र तरले, आणि तरंगण्याच्या कामीही आले. त्रिनिदादमध्ये गेल्या शतकाच्या पूर्वार्धात तेलाच्या पिंपाचा तळ ठोकून त्यातून सूर काढणारे वाद्य तयार झाले. ते आज त्या देशाचे राष्ट्रीय वाद्य आहे. नाशिकने उलटा क्रम घेतला. इथे वाद्य आधीपासून होते. लाकडाच्या खोडाचा ढोल वजनाला जड पडू लागल्यावर नाशिक ढोलाने पत्र्याचे आणि प्लॅस्टिकचे खोडही आपलेसे केले, आणि आवाजात काही कमी पडल्याची तक्रार मिरवणुकीच्या वाटेवर राहणाऱ्या एकाही नागरिकाने केलेली नाही.

प्राप्तिस्थान

द्वारका हे नाव ऐकून बाहेरगावच्या माणसाला कृष्ण आठवतो. नाशिककराला वाहतुकीची कोंडी आठवते. मुंबई-आग्रा महामार्ग आणि नाशिक-पुणे रस्ता इथे एकमेकांना भेटतात. एका बाजूने मुंबई नाक्याकडची गाडी येते, दुसरीकडून मालेगाव-धुळ्याची, तिसरीकडून नाशिकरोडची, आणि सारडा सर्कलकडून जुन्या नाशिकची रिक्षा येऊन या तिघींच्या मधोमध थांबते. उड्डाणपूल झाला तेव्हा घाई असलेली वाहने वरून गेली. खाली राहिली ती रोजची.

पिंपाच्या दृष्टीने हा चौक सुपीक आहे. जिथे मालट्रक, तिथे इंजिन ऑइल आणि ग्रीस. जिथे ऑइल, तिथे रिकामी पिंपे. रस्त्याचे काम निघाले की डांबराची पिंपे येतात. रंग, रसायने, खाद्यतेल यांची पिंपे अंबड आणि सातपूरच्या औद्योगिक वसाहतींमधून गावात उतरतात. अंबड लिंक रोडवर तर भंगाराचा अख्खा बाजारच वसला होता. तो महापालिकेने २०१७ साली हटवला, पुढे तो पुन्हा उभा राहिला आणि पुन्हा हटवावा लागला. वस्तू वाया जाऊ द्यायच्या नाहीत हे ज्या धंद्याचे तत्त्व, तो धंदा स्वतः तरी वाया कसा जाईल?

नाशिकला हा संस्कार नवा नाही. इथली तांबट आळी आणि भांडी बाजार तांब्या-पितळेच्या ‘मोडी’वर पिढ्यानुपिढ्या चालले. जुना हंडा द्यायचा, त्याच्या वजनाचे पैसे वळते करून नवी घागर घ्यायची, आणि आजीने विचारले तर हंडा कल्हईला टाकलाय म्हणून सांगायचे.

भंगारवाल्याकडे पिंप पारखण्याचे साधन एकच असते: सुतळीला बांधलेले लोहचुंबक. साध्या लोखंडाला ते चिकटते. केगचे स्टेनलेस, म्हणजे क्रोमियम आणि निकेल असलेले ३०४ जातीचे पोलाद, त्याला सहसा दाद देत नाही. ही परीक्षा शास्त्रशुद्ध आहे. तिचा निकाल मात्र व्यवहाराची दिशा पाहून लागतो. गिऱ्हाईक घ्यायला आले असेल तर भंगारवाला चुंबक केगवरून फिरवतो, ते घसरून पडले की म्हणतो, “बघा शेठ, चिकटत नाही. अस्सल स्टील.” तेच गिऱ्हाईक दोन वर्षांनी तेच केग विकायला आले की चुंबक तसेच फिरते, तसेच घसरते, आणि निष्कर्ष निघतो, “चिकटत नाही शेठ. लोखंडाचा भाव कसा देऊ?”

भावाचे एकक किलो आहे. पिंपाचा आकार, वय, रंग, त्याच्याविषयी खरेदीदाराच्या मनात तयार झालेली स्वप्ने, यांतले काहीही काट्यावर उतरत नाही. म्हणून अनुभवी गिऱ्हाईक पिंपाकडे पाहतच नाही. ते आधी जुन्या सायकलच्या चाकाची चौकशी करते, मग पंख्याच्या पात्यांची, आणि निघता निघता पायाने पिंपाला टिचकी मारून विचारते, “आणि हे काय असंच पडलंय का?”

परीक्षा

पिंप घरी आणण्यापूर्वी त्यात आधी काय होते हे विचारावे. उत्तर नेहमी ‘खाद्यतेल’ असे मिळते. म्हणून वास घ्यावा, पण नाक तोंडाशी खुपसून नव्हे, कारण ज्या द्रव्यांचा वास घेऊ नये अशीच द्रव्ये पिंपातून जास्त येतात. कीटकनाशकाचे किंवा रसायनाचे पिंप कितीही धुतले तरी पाण्यासाठी आणि अन्नासाठी वर्ज्य आहे. ते स्वस्त पडते, त्याचे कारणही तेच.

दुसरा मुद्दा गंभीर आहे. रिकामे पिंप भरलेल्यापेक्षा धोक्याचे असते. तेल, थिनर, पेट्रोल यांचा अंश तळाशी राहतो, त्याची वाफ आतल्या हवेत मिसळते आणि ग्राइंडरची एक ठिणगी तिला पुरते. तोंड बंद असलेल्या पिंपावर गॅसकटर किंवा ग्राइंडर चालवल्याने स्फोट होऊन माणसे दगावली आहेत. म्हणून पिंपाची दोन्ही बुचे उघडावीत, सोड्याच्या गरम पाण्याने ते विसळावे आणि कापताना कापायच्या रेषेच्या खालपर्यंत पाणी भरून ठेवावे. अनुभवी कामगार कित्येकदा ठिणगीच्या वाटेलाच जात नाहीत. ते छन्नी आणि हातोडी घेतात आणि पिंपाचे झाकण कडेकडेने उचकटतात. आवाज भयंकर होतो, पण फक्त आवाजच होतो.

केगमध्ये पेट घेणारे काही नसते, पण दाब असतो. झडपेत स्क्रूड्रायव्हर टेकवून, चेहरा बाजूला ठेवून, तो आधी पूर्ण सोडून द्यावा लागतो. दाब न सोडता झडपेची कडी काढली तर नळीसकट झडप बंदुकीच्या गोळीच्या आवेशाने वर येते. दाब नीट सोडला तरी तळाशी उरलेली, महिनोन्‌महिने आंबलेली बिअर फेसाळत बाहेर उडते. गॅलरीत केलेल्या या प्रयोगात ती खालच्या मजल्यावर वाळत घातलेल्या सोवळ्यापर्यंत पोहोचते. वास दोन दिवसांनी जातो. विषय गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेपर्यंत टिकतो.

कापणी

२०० लिटरच्या पिंपाचा पत्रा साधारण एक ते सव्वा मिलिमीटर जाडीचा असतो. केगचा थोडा जाड. कापायला चार इंची ग्राइंडर आणि पातळ चकती लागते. ग्राइंडर मिनिटाला दहा-अकरा हजार फेरे घेतो, म्हणून त्याचे कव्हर काढून टाकू नये. बहुतेक ठिकाणी ते ‘मधे येते’ म्हणून पहिल्याच दिवशी काढलेले असते आणि खिळ्याला टांगलेले असते, तिथे ते अगदी सुरक्षित राहते. डोळ्यांना गॉगल हवा. उन्हाळ्यात रस्त्यावर मिळणारा काळा गॉगल त्या व्याख्येत बसत नाही.

रेषा आखण्यासाठी पिंपाभोवती दोरी गुंडाळून खूण करावी. दोरीची दोन टोके एकमेकांना भेटली पाहिजेत. ती भेटत नसतील तर रेषा तिरपी आहे आणि या पिंपाचे जे काही होईल ते एका बाजूला झुकलेले होईल. त्याला ‘डिझाइन’ म्हणता येते, पण एकदाच.

भोक पाडताना स्टेनलेसचा स्वभाव कळतो. हे पोलाद घासले आणि तापवले की अधिक कडक होत जाते. त्यात भोक पाडायचे तर ड्रिल सावकाश फिरवावे, जोर भरपूर द्यावा आणि तेल सोडत राहावे. हौशी कारागीर याच्या बरोबर उलट करतो. ड्रिल पूर्ण वेगात, जोर बेताचा, तेल स्वयंपाकघरात. पाच मिनिटांनी बिट निळे पडते, केगवर एक चकचकीत ठिपका उमटतो, आणि त्या जागी आता दुसरे कोणतेही बिट चालणार नाही इतके पोलाद कडक झालेले असते. शिवाय लोखंड कापलेली चकतीच स्टेनलेसवर वापरली तर लोखंडाचे कण त्यात रुततात आणि कधी न गंजणारे केग कापलेल्या कडेने तांबूस होऊ लागते.

कापणीच्या वेळी प्रेक्षक जमतात. ते तीन प्रकारचे असतात. पहिला विचारतो, “काय करताय?” दुसरा सांगतो, “असं नाही करायचं.” तिसरा काहीच बोलत नाही, उकिडवा बसतो, तंबाखू मळतो आणि कापून पडलेल्या झाकणाकडे पाहत राहतो. पिंपाच्या या संपूर्ण शास्त्रात खऱ्या गरजेचा धनी हाच. त्याला ते झाकण हवे असते. त्याच्या पाण्याच्या हौदावर नेमके तेवढेच झाकण नसते. संध्याकाळी तो ते मागून नेतो आणि रात्रीपर्यंत त्याचा उपयोग सुरू झालेला असतो. पिंपाचा अजून ठरायचा असतो.

उपयोग

रिकाम्या पिंपाचा सर्वांत मोठा उपयोग ते पुन्हा भरणे हा आहे. महाराष्ट्रात ते पाण्याने भरतात. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. पहिल्या गाडीत साधारण पाच लाख लिटर होते, म्हणजे २०० लिटरची अडीच हजार पिंपे. नाशिक जिल्ह्यात मनमाडकरांनी नळाला पाणी यायची वाट कित्येक दिवस पाहण्यात पिढ्या घालवल्या. अशा गावात घरापुढची पिंपे ही घराची पत असते. मुलगी देताना पूर्वी विहीर पाहत, मग नळ पाहू लागले. चाणाक्ष बाप पिंपे मोजतो.

दुसरा उपयोग शेतीचा, आणि इथे पिंपाने शास्त्रालाच आपल्या मापात बसवले आहे. नैसर्गिक शेतीचे प्रचारक सुभाष पाळेकर, २०१६ सालचे पद्मश्री, यांच्या जीवामृताची कृती अशी: २०० लिटर पाणी, दहा किलो देशी गाईचे शेण, पाच ते दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. सावलीत ठेवावे, काठीने ढवळावे. एका एकराला पुरते. द्राक्षबागायतदारांच्या फवारणीचा हिशेबही असाच पिंपाच्या भाषेत चालतो. एकर चाळीस गुंठ्यांचा, तेव्हा ५० लिटरच्या केगात दहा गुंठ्यांचे जीवामृत बसते. दहा गुंठ्यांवर सध्या लोक बंगला बांधतात, हा केगचा दोष नाही. लोखंडी पिंपाला मात्र गोमूत्र सोसत नाही. या कामातली त्याची जागा निळ्या प्लॅस्टिकच्या पिंपाने कधीच घेतली.

तिसरा उपयोग विस्तवाचा. महामार्गावरच्या ढाब्यांचा तंदूर आतून मातीचा असला तरी बाहेरून कित्येकदा पिंपच असते. मातीची कोठी आणि पत्रा यांच्यामधली पोकळी उष्णता धरून ठेवणाऱ्या भरावाने भरलेली असते. पिंप अर्धे कापून, खाली हवेला खिडकी ठेवून केलेली भट्टी लग्नाच्या पंगतीपासून वडापावच्या गाडीपर्यंत सगळीकडे चालते. एकच पथ्य: आतला-बाहेरचा रंग आणि जस्ताचा मुलामा मोकळ्या जागी आधी पूर्ण जाळून टाकावा, कारण जस्ताचा धूर अंगात ताप भरवतो. पहिल्याच दिवशी पाहुणे बोलावून त्यावर वांगी भाजू नयेत. परदेशात केगचीही अशीच शेगडी करतात. ती छान दिसते, म्हणून पेटवत नाहीत.

चौथा उपयोग केगच्या बाबतीत परदेशात पहिल्या क्रमांकाचा आहे: वरचा भाग कापून त्यात घरीच बिअर उकळणे. महाराष्ट्रात हा उपयोग १९४९च्या दारूबंदी कायद्याने बाद ठरतो. परवान्याशिवाय मद्य बनवणे हा गुन्हा आहे, मग ते कितीही हौसेने आणि कितीही स्वच्छ भांड्यात बनवलेले असो. गंमत अशी की इथे प्रवास उलट्या दिशेने होतो. तिकडे मद्याचे पिंप निवृत्त होऊन चूल होते. इकडे तेलाचे पिंप निवृत्त होऊन ओढ्याकाठच्या हातभट्टीवर रुजू होते आणि गूळमिश्रित रसायनाने भरले जाते. पोलीस येतात, पिंप उपडे करतात, पंचनाम्यात त्याची क्षमता, संख्या आणि अंदाजे किंमत नोंदवतात. त्या पिंपाच्या आयुष्यात त्याची किंमत किलोवर न लावणारा हा एकमेव दस्तऐवज.

पाचवा उपयोग रस्त्याचा. डांबराचे पिंप डांबर संपले तरी रस्ता सोडत नाही. त्याला पांढरे-लाल पट्टे मारतात, दोन दगड आत टाकतात आणि खड्ड्याशेजारी उभे करतात. खड्डा बुजतो. पिंप राहते. काही काळाने वाहनचालक त्याला वळसा घालायला शिकतात, रिक्षावाले पत्ता सांगताना त्याचा आधार घेतात, फुलवाला त्याच्या सावलीला बसतो आणि पिंप हलवायचे म्हटले की लोक विरोध करतात. बारा वर्षांनी सिंहस्थ आला की गर्दी वळवण्यासाठी अशी पिंपे लागतातच; मग ती मधल्या काळात कशाला हलवायची, असाही विचार करता येतो.

सहावा उपयोग पिंपाचे पिंपपण घालवण्याचा आहे. दोन्ही तोंडे काढून, अंगाला एक उभी चीर देऊन, ठोकून ते सपाट केले की सुमारे पावणेदोन मीटर लांबीचा पत्रा मिळतो. टपरीची भिंत, शेळ्यांच्या गोठ्याचे छप्पर, मोरीचा आडोसा, ट्रकच्या फाळक्याचे ठिगळ. पत्र्यावरची कंपनीची अक्षरे कधी उलटी, कधी अर्धी दिसतात, पण पाऊस अक्षरे वाचत नाही.

राहिला घरातला उपयोग. यावर साहित्य विपुल आहे आणि चित्रे सुंदर असतात. केगचे स्टूल, केगचा दिवा, केगचे वॉशबेसिन, केगची कुंडी. स्टूल करायला वर गोल फळी आणि गादी बसवली की पुरे. त्यावर बसल्यावर स्टेनलेसचा थंडपणा जिथून कळायचा तिथून कळतो आणि पाहुणा सोफ्यावर सरकतो. दिवा करायला भोके पाडावी लागतात, त्याचा इतिहास वर आलाच आहे. कुंडी हा प्रत्येक अपुऱ्या प्रकल्पाचा अंतिम मुक्काम होय. काहीही जमले नाही की त्यात माती भरतात. तळाला पाणी जायला भोक लागते, हे माती भरल्यावर आठवते. तरीही त्यात लावलेली तुळस जगते, आणि पुढची दहा वर्षे घरातली मंडळी आल्यागेल्याला “हे आमच्या ह्यांनी घरी केलंय” असे सांगतात. त्या सुरातला अभिमान आणि तक्रार यांचे प्रमाण अजून कोणालाही वेगळे काढता आलेले नाही.

साठवण

खरेदी आणि कापणी यांच्यामधल्या काळाला साठवण म्हणतात. हा काळ सर्वांत मोठा असतो. द्वारका, काठे गल्ली, भाभानगर या भागांतल्या इमारतींत पिंप ठेवण्याच्या जागा ठरलेल्या आहेत: जिन्याखाली, पाण्याच्या टाकीजवळ किंवा गच्चीवर. जिन्याखाली ठेवले तर सेक्रेटरी सूचना लावतात. टाकीजवळ ठेवले तर वॉचमन त्यावर डबा ठेवतो. गच्चीवर ठेवले तर पावसाळ्यात त्यात पाणी साचते आणि डेंग्यूचे डास शोधायला आलेले महापालिकेचे कर्मचारी त्यात टॉर्च मारून पाहतात. पिंपाच्या आत इतक्या लक्षपूर्वक त्याच्या मालकानेही कधी पाहिलेले नसते.

‘कधीतरी उपयोगी पडेल’ हे साठवणीचे मूलतत्त्व आहे. ते खोटे नाही, अपुरे आहे. पिंप उपयोगी पडतेच, पण ज्याने ठेवले त्याला नाही. इमारतीचे रंगकाम निघाले की रंगारी ते पालथे घालून त्यावर उभे राहतात. गणपतीत मंडपाचा खांब त्यात रोवून वाळू भरतात. पाणीपुरवठा दोन दिवस बंद राहणार असल्याची बातमी आली की तेच सेक्रेटरी जिना उतरून विचारतात, “भाऊ, ते तुमचं पिंप आहे ना अजून?”

विल्हेवाट

पिंपाचे कितीही जन्म झाले तरी शेवटी पत्रा पातळ होतो, तळ सुटतो आणि ते पुन्हा काट्यावर येते. लोखंडी पिंपाचे भंगार दाबून गठ्ठे करतात. मराठवाड्यात जालन्याला भंगार वितळवून बांधकामाच्या सळया बनवणारे मोठे कारखाने आहेत. असा एखादा गठ्ठा तिथल्या विजेच्या भट्टीत शिरला की पिंपाचा जन्म संपतो आणि सळईचा सुरू होतो. त्या सळया पुलांत, घरांत, पाण्याच्या टाक्यांत जातात. केगचे स्टेनलेस त्यांच्यात मिसळत नाहीत. निकेल आणि क्रोमियममुळे त्याला भाव जास्त मिळतो आणि ते वेगळे वितळवून पुन्हा स्टेनलेसच होते.

या टप्प्यावर हौशी प्रकल्पाचा हिशेब पूर्ण करता येतो. केग विकताना ते घेतले तेव्हापेक्षा वजनाने कमी भरते, कारण कापलेले झाकण हौदावर गेले, नळी मुलांनी नेली आणि चकतीने उडवलेला चुरा गॅलरीच्या फरशीत रुतला. जमेला किलोचा भाव. खर्चाला ग्राइंडर, सहा चकत्या, निळे पडलेले चार बिट, गॉगल, शेजाऱ्यांच्या सोवळ्याची धुलाई आणि एक तयार स्टूल, जे दरम्यान बसायला काहीतरी हवे म्हणून बाजारातून आणले.